पांढऱ्या जर्सीतला गोली

(कसारा घाट. मुंबईला द्राक्षं उतरवून पिंपळगाव बसवंतकडे परत निघालेला रीफर, म्हणजे थंडगार डब्याचा टेम्पो. गाडी चालवतोय दत्तू. शेजारी, मांडीवर भलीमोठी पिशवी घेऊन, त्याचा मुलगा अश्विन.)

दत्तू : मागं टाक म्हनलं तर टाकायची नाय, आन् पुढं ठिवली तर नाकात दम. मेलंय काय त्या पिशवीत?

अश्विन : घाम आहे नाना. आइस हॉकीवाल्याची पिशवी जगात कुठेही अशीच वास मारते. धुऊनसुद्धा जात नाही.

दत्तू : काच खाली घे मंग. तुझी ती पायाची पॅडं मागं ठिवलीत ना, त्यानं उद्या क्रेटांना वास लागला तर पॅकहाऊसच्या रोशनी म्याडम माझी पूजा बांधतील. युरपात जात्यात आपली द्राक्षं.

अश्विन : ताडपत्रीत गुंडाळलीत मी. नाही लागणार.

दत्तू : बरं केलं. खाल्लं का काय इमानात?

अश्विन : खाल्लं थोडं. झोपलोच होतो जास्त.

दत्तू : झोपनारच. दमला आसशील. एवढं खेळून मानूस दमनार नाय तर काय! मला तर नुसतं बघून दम लागला व्हता.

अश्विन : तुम्ही खरंच पूर्ण बघितली?

दत्तू : पहिल्या शिट्टीपास्नं. तू लिंक पाठवली, ती आमच्या कामावरच्या अमोलनं पॅकहाऊसमधल्या टीव्हीला जोडली. अख्खी लाइन थांबली रे! बाया डोक्याला टोप्या, हातात मोजे, तशाच उभ्या. रोशनी म्याडम आल्या, म्हनल्या, दत्तूभाऊ, कंटेनर कोन भरनार? मी म्हनलं, म्याडम, आज माझं पोरगं भारताच्या गोलात उभं हाय, कंटेनर थांबंल.

अश्विन : तुम्ही असं म्हणालात?

दत्तू : म्हनलो की. मंग त्याच खुर्ची घिऊन बसल्या.

अश्विन : मला वाटलं नव्हतं नाना, तुम्ही बघाल. इतकी वर्षं खेळतोय, तुम्ही एकदाही आला नाहीत. नाशिकला स्केटिंगला होतो तेव्हाही आईच यायची सोडायला.

दत्तू : तुझं खेळनं नेमकं थंडीत, आन् माझा शिजन बी तवाच सुरू. मी रस्त्यावर का तुझ्या चाकाच्या बुटांमागं? पन कोल्ड स्टोरेज कुनी उघडून दिलं व्हतं? थंडीची सवय व्हावी म्हनून?

अश्विन : तुम्हीच. क्रेटांच्या मधल्या बोळात मला बैठका काढायला लावायचात. हमाल हसायचे.

दत्तू : हसू दे. मी म्हनायचो, अरे, द्राक्षं टिकत्यात एवढ्या गारठ्यात, माझं पोरगं नाय टिकायचं? टिकलास ना? मंग!

अश्विन : तुम्हाला राग नाही ना आला? खरं सांगा.

दत्तू : राग? येडा का खुळा? पेढे वाटले मी!

अश्विन : पेढे?

दत्तू : पॅकहाऊसमधे वाटले, चौफुलीवर वाटले, सलूनवाल्याला दिले. त्यो म्हनला, हाकी बर्फावर कशी खेळत्यात? मी म्हनलं, तू दाढी कर.

अश्विन : नाना, तुमचा तो आवाजातला मेसेज आला ना मॅच झाल्यावर...

दत्तू : ऐकलास?

अश्विन : कितीदा तरी. "शाब्बास रे पोरा. लय झुंजलास. तुझा बाप खूश हाय." रूममधल्या पोरांनासुद्धा ऐकवला. त्यांना मराठी येत नाही, पण कळलं सगळं. त्या दिवशी मी कुणाशी बोलत नव्हतो. तुमचा मेसेज आला आणि मग जेवलो.

दत्तू : येवढं काय त्याच्यात. मनातलं बोललो.

अश्विन : तुम्ही आधी कधी बोलला नव्हता.

दत्तू : बरं, आता रडू नको, घाट हाय. तुला सांगतो, मला तुझा खेळ पहिल्यांदा कळला. ती काळी चकती...

अश्विन : पक.

दत्तू : पक. दिसत तर नाय डोळ्याला, पन ज्याच्याकडं जाती तिकडं सगळे तुटून पडत्यात, म्हनून समजायचं. काय मारत व्हती आपली पोरं! त्यो सात नंबरचा कोन? उंच?

अश्विन : सात नंबर?

दत्तू : पहिला गोल त्यानंच केला. शिट्टी वाजून खुर्ची बी गरम झाली नव्हती माझी. डावीकडनं आला, आन् सप्पकन! अमोल टीव्हीसमोर नाचायला लागला, म्हनून दुसरा गोल कुनालाच दिसला नाय.

अश्विन : सात नंबर... उंच... डावीकडून.

दत्तू : व्हय. लडाखचा का त्यो?

अश्विन : नाना, तो... आणि मी? मी कसा खेळलो?

दत्तू : तुला तर काय कामच नव्हतं! उभा आपला निवांत. मधूनच पानी पीत व्हता. दोन गेले तुझ्या अंगावरनं, पन ते जाऊ दे, दोन म्हंजे काय. आपन चौदा मारले. चौदा! आन् खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आवडला त्यो त्यांचा गोली, गोलकीपर. पांढरा. समोरचा.

अश्विन : पांढरा.

दत्तू : काय पोरगं व्हतं! सारखं पडतंय, सारखं उठतंय. गोल झाला की जाळीतनं ती चकती सोता काढून बाहेर ढकलायचं, आन् परत वाकून उभं. मी म्हनलं, ह्याला कुनी बाहेर का बोलावत नाय? ह्याला आईबाप नाय का? बाया चुकचुकायला लागल्या. आन् मॅच संपली ना, निळे आपले नाचत व्हते, मी तिकडं बघितलंच नाय. पांढरी पोरं सगळी एकामागं एक त्याच्याकडं गेली, आन् त्याच्या डोक्याला डोकं लावलं. एकेकानं. हरलेली पोरं! मला भरूनच आलं रे. टोपी काढून डोळे पुसले मी. रोशनी म्याडम म्हनल्या, दत्तूभाऊ, आपन जिंकलोय. मी म्हनलं, हो, पन त्या पोराचं बघा.

अश्विन : ती रीत आहे आमच्यात. मॅच संपली की आधी गोलीकडे जायचं. जिंका नाहीतर हरा. हेल्मेटला हेल्मेट लावायचं.

दत्तू : चांगली रीत हाय. आपल्याकडं हरलेल्याच्या दारात कुत्रं फिरकत नाय. थांब, फोन वाजतोय. तुझी आई. घे, ते इस्पीकर कर.

सविता : पोरगं घेतलं का गाडीत?

दत्तू : न्हाई, मुंबईलाच ठिवून आलो. घेतलं की! बोल त्याच्याशी.

सविता : अश्विन, बारीक झालास का रे?

अश्विन : नाही गं आई. आहे तसाच आहे.

सविता : पुरनपोळी केलीय. आन् आता ऐका दोघं. अमोलनं चौफुलीवर फ्लेक्स लावलाय. केवढा? रिक्षा स्टँड झाकलं अख्खं. मी म्हनलं व्हतं, आधी पोराला इचार. ऐकतो कुठं? उचलली जीभ, लावली टाळ्याला, तसं त्याचं. उचलला फ्लेक्स, लावला खांबाला.

अश्विन : फ्लेक्सवर काय आहे आई?

सविता : तुझा फोटो हाय. पन नुसतं तोंड तुझं. तुझे सगळे फोटो ते जाळीचं शिरस्त्रान घातलेले, त्यात तोंड दिसंना. मंग त्यानं बारावीच्या हॉलतिकिटावरचं तुझं तोंड काढून कुन्या हिरवळीवरच्या हॉकीवाल्याच्या धडावर बसवलं. हाफ चड्डी घातलीय तू.

दत्तू : हाफ चड्डी? बर्फात?

सविता : आन् खाली लिवलंय, "चौदा विरुद्ध दोन! पिंपळगावच्या सुपुत्राचा परदेशात डंका!" ढोलताशा दुपारी एक वाजल्यापास्नं येऊन बसलाय. पॅकहाऊसच्या बाया बी थांबल्यात, फेटा बांधायचाय म्हनं.

अश्विन : आई...

सविता : अश्विन, सांगितलंस का नानांना?

अश्विन : नाही अजून.

सविता : तू मला फोनवर म्हनलास ते मी नाय सांगितलं. मला जमलं नाय बाबा. पेढे वाटून आले व्हते, आन् आल्या आल्या तुझं ते शाळेतलं स्केटिंगचं बक्षीस माळ्यावरनं काढून पुसत बसले. कसं सांगू? तू सांग. गावात यायच्या आधी सांग. ठिवते.

दत्तू : काय सांगायचं ऱ्हायलंय? अश्विन? नोकरी-बिकरी सोडली का तिकडंच? पोरगी बघितली?

अश्विन : नाही नाना. गाडी बाजूला घेता का जरा?

दत्तू : घाटात कुठं घेऊ? सांग तसंच.

अश्विन : नाना, निळे आम्ही नव्हतो.

दत्तू : कोन नव्हतं?

अश्विन : त्या मॅचला आम्ही पांढऱ्या जर्सीत होतो.

दत्तू : काय बोलतो? भारत म्हंजे निळा. क्रिकेट बघ, हाकी बघ.

अश्विन : आइस हॉकीत तसं नसतं. कागदावर ज्याला यजमान धरतात, त्याने फिकी जर्सी घालायची. त्या दिवशी यजमान आम्ही होतो. आमची निळी बॅगेतच राहिली.

दत्तू : पन कोपऱ्यात पाटी व्हती ना टीव्हीत...

अश्विन : ती रशियन लिपीत होती. तुम्हाला कशी वाचता येणार?

दत्तू : आन् मधे मधे नेट गरगर फिरत व्हतं. म्हंजे ते चौदा...

अश्विन : त्यांनी मारले.

दत्तू : दोन...

अश्विन : आमचे.

दत्तू : आन् गोलात त्यो...

अश्विन : नाना, पुढे बघा! कंटेनर आहे!

दत्तू : दिसला. दिसला मला. ... पानी दे.

अश्विन : हे घ्या.

दत्तू : तू झोप जरा.

अश्विन : मला नाही झोप येत.

दत्तू : मंग गप बस. मला बी गप बसू दे.

अश्विन : नाना, घोटी गेलं. चहा घ्यायचा होता ना तुम्हाला?

दत्तू : नको.

अश्विन : आमचा मुख्य गोली दुसऱ्या प्रॅक्टिसला जायबंदी झाला, मांडी आखडली. म्हणून मला उभं केलं. भारताकडून पहिलीच मॅच होती माझी. म्हणूनच तुम्हाला लिंक पाठवली. पुढच्या मॅचला तो बरा झाला. एक जिंकलो आम्ही, पण त्या वेळी मी बाकावर होतो. मेडल नाही मिळालं.

दत्तू : तुला तवाच फोन करायला काय झालं व्हतं?

अश्विन : मला वाटलं तुम्ही बघितलंय. तुमचा मेसेज आला. मला वाटलं, चौदा खाऊनही नाना शाब्बास म्हणतायत. आता कळलं, ते शाब्बास माझं नव्हतंच. निळ्यांच्या गोलीचं होतं.

दत्तू : आसं नको बोलू.

अश्विन : मग कसं बोलू? पहिल्यांदा तुम्ही काही बोललात, आणि तेही दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेलं माझ्याकडे आलं.

दत्तू : माझं डोकं चालंना. पेढे वाटले रे मी. आपलं पोरगं मार खातंय, आन् मी टाळ्या पिटतोय. प्रत्येक गोलाला टाळ्या! अमोलनं शिट्ट्या मारल्या. आंधळं दळतंय तसं झालं.

अश्विन : तुमची काय चूक? मी तरी जर्सीचं सांगायला हवं होतं.

दत्तू : आता गावात काय तोंड दाखवू? ढोल लावलाय तिथं. सलूनवाला तर... जाऊ दे. तू एक काम कर.

अश्विन : काय?

दत्तू : गप बस. आपन दोघं बी गप बसू. पिंपळगावात कुनाला कळतंय आइस हाकीतलं? फेटा बांधतील, नारळ देतील, दोन शब्द बोलतील, संपलं. उद्या सगळे आपापल्या कामाला.

अश्विन : नाही.

दत्तू : का नाय? कुनाचं काय जातंय?

अश्विन : माझं जातंय. नेटवर आहे सगळं, कुणी ना कुणी बघेलच, पण ते सोडा. नाना, मी त्या दिवशी जे केलं ते कसंही असेल, माझं आहे. निवांत उभं राहून पाणी पिणारा माझा नाही. त्याचा फेटा मी कसा घालू?

दत्तू : मंग काय, ढोलवाल्याला म्हनू का, बाबा रे, हरलो, वाजव?

अश्विन : मला ओझरला उतरवा. आत्याकडे जातो दोन दिवस. विमान चुकलं म्हणून सांगा.

दत्तू : म्हंजे खोटं माझं नको, पन तुझं चालंल. बोल की.

अश्विन : मला लोकांची भीती नाही वाटत. तुम्ही तिथे उभे राहाल, सगळ्यांना कळेल, आणि तुम्ही परत आधीसारखे व्हाल. म्हणाल, सोड ते बर्फाचं खूळ, टेम्पोवर ये. त्याची भीती वाटते.

दत्तू : मी आसं म्हनलो आता?

अश्विन : म्हणाल.

दत्तू : मनकवडा झालास का? नाशिक आलं बघ. ट्राफिक बघ हे. हे कुंभमेळ्याचे रस्ते कवा पुरे व्हत्यात देव जाने. ... अश्विन.

अश्विन : हं.

दत्तू : तुला लागलं का?

अश्विन : कधी?

दत्तू : त्यो सात नंबरचा डावीकडनं आला, ती चकती इथं, गळ्याजवळ बसली. तू गुडघ्यावर बसलास. लय वेळ उठंना. मी खुर्चीतनं उठलो व्हतो. म्हनलं, पोर गेलं.

अश्विन : गळ्याचा पट्टा असतो. निळं पडलंय, बाकी काही नाही.

दत्तू : दाखव. ... आई गं. आन् मंग दुसऱ्या डावाच्या शेवटी तू मागं वळून जाळीला डोकं टेकलं, जरा वेळ. काय करत व्हता?

अश्विन : काही नाही. बर्फाचा चुरा तोंडावर घेत होतो. रडायला येत होतं, ते दिसू नये म्हणून.

दत्तू : मला वाटलंच.

अश्विन : तुम्हाला कसं वाटलं? तुम्ही तर मला ओळखलंसुद्धा नव्हतं.

दत्तू : नव्हतं ओळखलं. जाळीमागं तोंड, अंगावर गाद्या, कसं ओळखू? पन बघत मी तुलाच व्हतो! त्या निळ्याकडं दोनदा बघितलं आसंल, तो तू म्हनून. पुढं बघवंनाच त्याच्याकडं, नुसता उभा. डोळे सगळे तुझ्यावर. लोक म्हनत्यात, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी दुसऱ्याचं कार्टं समजून टोपीनं डोळे पुसले, आन् निघाला आपलाच बाब्या.

अश्विन : नाना...

दत्तू : थांब, मला बोलू दे, मला रोज येत नाय आसं. शाब्बास मी निळ्याला म्हनलो, खरं हाय. "लय झुंजलास" म्हनलो ते बी त्याला. पन झुंजला कोन? मी काय बघून बोललो? त्यो तर पानी पीत व्हता. माझ्या डोळ्यापुढं तूच व्हतास, म्हनून तोंडातनं ते आलं. पत्ता चुकला नाय पोरा. नाव चुकलं फक्त.

अश्विन : तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.

दत्तू : मी? सव्वीस वर्षांत तुला बरं वाटावं म्हनून काय बोललोय मी कधी? तुझ्या आईला इचार.

अश्विन : ते खरंय.

दत्तू : हसला एकदाचा. लाव आईला फोन. आडगाव गेलं, आता अर्धा तास.

सविता : हां, बोला. सांगितलं का त्यानं?

दत्तू : तुला म्हाईत व्हतं आन् तू आठ दिवस माझ्या ताटात पेढे वाढले.

सविता : तुमचेच व्हते. माझा इलाज नव्हता. लय राग आला का?

दत्तू : घरी येऊन सांगतो. आधी ऐक. अमोलला म्हनाव, शिडी घे आन् त्या फ्लेक्सवरचं चौदा-दोन झाक. क्रेटाला लावायचा चिकट कागद लाव त्याच्यावर. आन् डंका बी झाक.

सविता : आन् बाकीचं?

दत्तू : बाकी काय खोटं हाय? नाव त्याचंच, गाव त्याचंच, भारत बी खराच.

सविता : हाफ चड्डी?

दत्तू : ती ऱ्हाऊ दे, आता कुठं लांब करनार? ढोलवाल्यांना जाऊ नको म्हनाव. आन् पॅकहाऊसच्या बायांना थांबव. रोशनी म्याडमला बी. त्या पाहिजेतच.

सविता : काय करनार हाय तुम्ही? अहो, पोराला चारचौघात काय बोलू नका.

दत्तू : तू पुरन गरम ठिव. ठिवतो.

अश्विन : काय करणार आहात नाना?

दत्तू : पॅकहाऊसमधे मी त्या दिवसापास्नं एकच गोष्ट सांगतोय. चहाला बसलं की सांगतोय, क्रेट भरताना सांगतोय. त्या पांढऱ्या गोलीची. आपल्या जिंकन्याचं सांगून झालं एका दिवसात, पन त्या पोराचं सरंना. बाया इचारायच्या, दत्तूभाऊ, त्याचं काय झालं आसंल हो? घरी गेला आसंल का? आईनं जेवू घातलं आसंल का? म्हंजे लोकांना तू म्हाईत हायेस. फक्त त्यो तू हायेस हे म्हाईत नाय.

अश्विन : म्हणजे तुम्ही सांगणार?

दत्तू : मीच गोंधळ घातला, मीच सांगनार. म्हननार, मंडळी, चूक झाली, आपन हरलो. पेढे ज्यांना परत करायचे त्यांनी करा. आन् ज्या पोराची तुम्ही चौकशी करता, ते पोरगं हे. घ्या. जेवलं का नाय ते तुम्हीच इचारा.

अश्विन : लोक हसतील.

दत्तू : मला हसतील. तुला नाय हसायचे. मला हसन्यासारखंच केलंय मी. निळा दिसला की मारली उडी. ... ती पांढरी जर्सी हाय का त्या पिशवीत?

अश्विन : आहे. पण धुतलेली नाही. वास तिचाच येतोय.

दत्तू : घाल.

अश्विन : नाना! लोक फेटा बांधणार आहेत मला.

दत्तू : जर्सीवर बांधतील. घाल. टोलनाका आला, मी गाडी कडंला घेतो. दिवस बी हाय अजून. उतर खाली.

अश्विन : घातली. खांद्यावर फाटलीय जरा.

दत्तू : दिसू दे. आता ते शिरस्त्रान पिशवीतनं काढ. ते बी घाल. लोकांनी जाळीतलंच तोंड बघितलंय ना, तसंच बघू दे पहिलं. मंग काढ, मी सांगतो तवा.

अश्विन : असं?

दत्तू : व्हय. हाच. हाच व्हता बघ त्यो. आता डोकं खाली कर.

अश्विन : कशाला?

दत्तू : रीत हाय म्हनला ना? तुमच्या सगळ्या पोरांनी लावलं. मीच ऱ्हायलोय.

अश्विन : नाना, टेम्पोवाले बघतायत.

दत्तू : बघू दे. कर खाली.

अश्विन : अहो, हळू! ... लागलं ना? तुम्हाला कुठे हेल्मेट आहे!

दत्तू : लागलं. लागू दे.